अर्ज राहू द्या

संकेतस्थळं घडवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षानं वर्षभराचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो कार्यवाहांच्या छापील अहवालात आहेच. माझा वेळ मी एकाच गोष्टीला देणार आहे. पंधरा वर्षं ती मनात सलते आहे.

वेरूळ-अजिंठ्याच्या याच जिल्ह्यात, औरंगपुऱ्यातल्या एका नेट कॅफेत पैठण तालुक्यातली एक मुलगी वसतिगृहाचा अर्ज भरत होती. दोन तास लागले, सगळे दाखले स्कॅन करून जोडले. शेवटी चुकून कुठंतरी क्लिक झालं आणि खिडकी उघडली : ‘अर्ज रद्द करायचा आहे का?’ खाली दोन बटणं, ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’. अर्ज रद्द व्हायला नको म्हणून तिनं ‘कॅन्सल’ दाबलं नाही. ‘ओके’ म्हणजे सगळं ठीक, असं समजून ते दाबलं. अर्ज गेला. मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. कॅफेवाल्यानं मला बोलावलं, कारण ते संकेतस्थळ माझं काम होतं आणि ती खिडकीही मीच लिहिली होती. जावास्क्रिप्टची एक ओळ, ‘कन्फर्म’. “सर, मी तर ओके म्हटलं होतं,” एवढंच ती म्हणाली.

सकाळच्या सत्रात वाद रंगला : तयार लायब्ररी घ्यावी की खिडकी स्वतः लिहावी? मला त्या मुलीचा चेहरा दिसत होता. ‘कन्फर्म’मधला प्रश्न आपण मराठीत लिहू शकतो, पण बटणांवरची अक्षरं ब्राउझरची, ती आपल्याला बदलता येत नाहीत. म्हणून जिथं अर्ज आहे, पैसे आहेत, तिथं ‘कन्फर्म’ नको. लायब्ररी घ्या नाहीतर घेऊ नका, बटणावर क्रियापद हवं : ‘अर्ज काढून टाका’, ‘अर्ज राहू द्या’.

डिव्हवर डिव्ह रचून काळा पडदा टाकायची आपली सवयही सोडा. पान झाकलेलं दिसतं, पण टॅब दाबत गेलं की फोकस त्या झाकलेल्या पानातच फिरत राहतो. स्क्रीन रीडरवर काम करणारा माझा एक विद्यार्थी अशी खिडकी वीस मिनिटं शोधत होता. यावर उपाय तयार आहे : एचटीएमएलमधला ‘डायलॉग’ हा घटक क्रोममध्ये २०१४ साली आला, फायरफॉक्स आणि सफारीत मार्च २०२२ मध्ये. ‘शो मोडल’नं तो उघडला की मागचं पान निष्क्रिय होतं, एस्केपनं खिडकी मिटते, फोकस मूळ बटणावर परततो. आता कसली सबब सांगणार?

आपल्या खिडकीबद्दल माफी मागणारेही आहेत. जाहिरातीची पॉपअप खिडकी ईथन झुकरमन यांनी नव्वदच्या दशकाअखेरीस ट्रायपॉड या संकेतस्थळासाठी लिहिली आणि २०१४ मध्ये जाहीर माफी मागितली. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ग्राहकाला लाजवून होकार काढण्यावर बंदी घातली आहे. ‘नको, मला बचत करायची नाही’ असं बटण मागणाऱ्या गिऱ्हाइकासमोर तो कागद ठेवा.

मराठी बटणांचा एक कोश आपण करू या. ‘निरस्त’सारखे दफ्तरी शब्द नकोत, आठवडी बाजारात चालतात ते हवेत. समिती, खर्च, मुदत हे सगळं कार्यकारिणी बघेल. चाळीसेक शब्द मी वहीत लिहून आणले आहेत. पहिला ‘राहू द्या’. त्या मुलीला त्या वर्षी वसतिगृह मिळालं नाही. वही इथं टेबलावर ठेवतो, जेवणाच्या सुट्टीत आपापले शब्द त्यात लिहा.