माजी विद्यार्थ्यांचे लॉज आणि आमचा जमाखर्च

(वार्षिक सभेस जोडून भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



लॉज म्हटले की आपल्यापुढे एस.टी. स्थानकासमोरची राहण्या-जेवण्याची सोय उभी राहते. आज आम्ही ज्या लॉजविषयी बोलणार आहोत ते वेगळे. फ्रीमेसन बंधूंच्या शाखेस लॉज म्हणतात. बंद दाराआडच्या त्यांच्या विधींमुळे लोकांत कुतूहल आणि थोडी भीतीही असे. हिंदुस्थानात कित्येक ठिकाणी त्यांच्या इमारतीला ‘जादूघर’ म्हणत. त्या विधींशी आम्हांस कर्तव्य नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर; आमची नजर त्यांच्या दानाच्या पेटीकडे आणि ती पेटी सांभाळणाऱ्या माणसाकडे आहे.

आपल्या मुंबईतही ही परंपरा जुनी आहे. एतद्देशीयांना सभासद करून घेण्यास युरोपीय लॉजे नाखूश होती, तेव्हा 1843 च्या डिसेंबरात डॉ. जेम्स बर्न्स यांनी मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज हिंदी लोकांसाठी काढले. बर्न्स हे कंपनी सरकारच्या नोकरीतले वैद्य होते, ही गोष्ट रुग्णालयाच्या व्यासपीठावरून मुद्दाम सांगावीशी वाटते. या चळवळीतील आरंभीच्या हिंदी सभासदांत माणकजी करसेटजी होते. पुढे 1863 साली मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा इंग्रजी शाळा काढणारे तेच. दादाभाई नौरोजीही फ्रीमेसन होते. स्वतंत्र भारताचे ग्रँड लॉज 1961 साली स्थापन झाले.

विलायतेत याच परंपरेला एक निराळा फाटा फुटला, आणि आजच्या मेळाव्याला तोच जवळचा आहे. एकाच शाळेत शिकलेल्यांनी आपले लॉज काढावे, अशी कल्पना तेथे निघाली. वेस्टमिन्स्टर शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे लॉज 1888 साली स्थापन झाले. चार्टरहाउस शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी तर शाळेचे लॅटिन ब्रीदच लॉजच्या नावात घेतले. ‘देवाने दिले म्हणून मी दिले’ असा त्याचा अर्थ. त्या शाळेचा जन्म मोठा बोलका आहे. टॉमस सटन नावाच्या धनिकाने 1611 साली एकाच देणगीतून गरीब मुलांची शाळा आणि निराधार वृद्धांचा आश्रम अशा दोन संस्था एका आवारात वसवल्या, आणि त्या संस्थेला ‘हॉस्पिटल’ असेच नाव होते. शाळा 1872 साली लंडनबाहेर गेली. वृद्धांचा आश्रय मात्र अजून मूळ जागी आहे. शाळा आणि शुश्रूषा ही दोन सख्खी भावंडे आहेत, ती अशी.

प्रत्येक लॉजमध्ये ‘आल्मोनर’ नावाचा एक पदाधिकारी असतो. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी कर्ता पुरुष गेला, कोणाची विधवा अडचणीत आहे, हे त्याने स्वतः जाऊन पाहायचे आणि गाजावाजा न करता मदत पोहोचवायची. आपल्याकडे शिवकाळात दानधर्माचे काम पंडितरावांकडे असे आणि त्यांना दानाध्यक्षही म्हणत. रायगडाच्या छायेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना आल्मोनर समजण्यास हा शब्द पुरेसा आहे. विशेष म्हणजे हाच आल्मोनर पुढे रुग्णालयात आला. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाने 1895 साली मेरी स्ट्युअर्ट या बाईंना त्या पदावर नेमले. दारी आलेल्या रुग्णाची सांपत्तिक स्थिती आणि घरची गरज पाहणे हे त्यांचे काम. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असे पद 1946 साली निर्माण झाले. सरकारी रुग्णालयांत आज ज्यांना समाजसेवा अधीक्षक म्हणतात, ते या परंपरेचे वारस.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळतो. माजी विद्यार्थी संघांकडून धर्मादाय रुग्णालयांकडे जे प्रस्ताव येतात, ते बहुधा यंत्राचे किंवा खोलीचे असतात. रौप्यमहोत्सवी तुकडी एकत्र येते, वर्गणी जमते, यंत्र येते, कोनशिला बसते. त्या भावनेचा आम्ही आदरच करतो. परंतु डायलिसिसचे यंत्र भिंतीशी ठेवले की संपले, असे नाही. चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे 120 लिटर अतिशुद्ध पाणी लागते. त्यासाठी शुद्धीकरण संयंत्र, त्याच्या जाळ्या, वीज, तंत्रज्ञाचा पगार, देखभालीचा वार्षिक करार हे सारे येते. यंत्राची रक्कम ताळेबंदात मालमत्ता म्हणून एकदा दिसते. बाकीचा खर्च महिन्याच्या महिन्याला दारात उभा राहतो. त्याला कोनशिला नसते, म्हणून देणगीदारही मिळत नाही.

याचे एक मोठे उदाहरण फ्रीमेसन मंडळींचेच आहे. त्यांचे लंडनमधील रॉयल मेसॉनिक रुग्णालय 1933 साली राजे पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उघडले. इमारत इतकी देखणी की तिला वास्तुशास्त्राचे मानाचे पदक मिळाले. तेच रुग्णालय आर्थिक ओढाताणीत सापडून 1996 साली बंद पडले. इमारत अद्याप उभी आहे.

याउलट जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीकडे पाहावे. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात प्रथम येणाऱ्यासाठी नानांच्या नावे ती ठेवली गेली. मुद्दलास हात लावायचा नाही, व्याजातून दरवर्षी पारितोषिक द्यायचे. 1912 साली ती आपल्या रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांना मिळाली. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झालेल्या या विद्यार्थ्याला कायम निधीचे मोल वेगळे शिकवावे लागले नसेल, असे आम्ही गमतीने म्हणतो.

कायद्याने धर्मादाय रुग्णालयांवर जी जबाबदारी टाकली आहे, तीही येथे सांगणे आवश्यक आहे; रुग्णांच्या नातेवाइकांना तिची माहिती क्वचितच असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 2006 पासून लागू असलेल्या योजनेप्रमाणे 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्या लागतात. इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. आरंभी निर्धनासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 25,000 रुपये होती. नंतर ती वाढविण्यात आली. मर्यादा वाढली की पात्र कुटुंबे वाढतात, हे योग्यच आहे. परंतु निधी वाढतो तो केवळ बिलांच्या प्रमाणात. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयाच्या 2 टक्क्यांत आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या 2 टक्क्यांत किती अंतर असेल, हे या सभेला सांगावे लागू नये. ज्यांची बिले मोठी त्यांच्याकडे निधी मोठा, आणि गरीब मात्र आमच्या दारी अधिक. ही तफावत न्यायाची नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शासनाच्या आरोग्य योजनांमुळे अनेक शस्त्रक्रियांचा भार हलका झाला, हे कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु सुधागडच्या किंवा रोह्याच्या डोंगरातील वाडीवरून कातकरी बाई मुलाला घेऊन येते, तेव्हा तिची मजुरी बुडते, घरी दुसरे लेकरू शेजारणीकडे राहते, जीप बदलत यावे लागते आणि येथे सोबत्याच्या दोन वेळच्या जेवणाचा प्रश्न असतो. उपचार मोफत असूनही माणसे चौथ्या दिवशी न सांगता निघून जातात, ती यासाठी. हा खर्च कोणत्याही बिलात बसत नाही.

म्हणून आमची विनंती अशी की, प्रत्येक तुकडीने आपल्यातून एक दानाध्यक्ष निवडावा. वर्गणी गोळा करणे हे त्याचे पहिले काम नव्हे. महिन्यातून एक दिवस त्याने आमच्या समाजसेवा विभागात बसावे, कक्षांत फिरावे, कोणी उपचार अर्धवट सोडून गेले असेल तर गावच्या ओळखीने त्या घरापर्यंत पोहोचावे. पेणचा माणूस दादर-रावे खाडीपट्ट्यात, रोह्याचा माणूस कोलाड-धाटावकडे जितक्या सहज कोणाला ओळखतो, तितके आमचे कर्मचारी ओळखू शकत नाहीत. ज्यांची नोकरी मुंबई-पुण्यात आहे त्यांनी तेथील मोठ्या रुग्णालयांत पाठविलेल्या आपल्या रुग्णांची विचारपूस करावी. अनोळखी शहरात ‘मी पेणचाच’ एवढे शब्द कानी पडले तरी माणसाला धीर येतो. पैशाची मदत असेल तर ती शक्यतो कायम निधीस द्यावी, आणि सोबत्यांच्या जेवण-प्रवासासाठी व्याज वापरावे असे पत्रात स्पष्ट लिहावे.

गुप्तदानाविषयी दोन शब्द. नाव न सांगता देण्याची आपली परंपरा थोर आहे, आणि लॉजचा आल्मोनरही मदत घेणाऱ्याचे नाव मिरवीत नाही. परंतु 2006 च्या वित्त कायद्याने ठरावीक मर्यादेपलीकडच्या निनावी देणग्यांवर 30 टक्के कर बसविला. तेव्हा पेटीत मोठी रक्कम गुपचूप टाकण्यापेक्षा नाव-पत्ता कार्यालयास द्यावा. फलकावर तो लागू नये अशी इच्छा असल्यास ती पाळली जाईल. रुग्णाचे नाव तर कोणत्याही दात्याला कळविले जाणार नाही.

पैसे ठेवता कोठे, असे लोक आम्हांला सरळ विचारतात. 2010 साली पेणमधील एका नागरी सहकारी बँकेचे व्यवहार ठप्प झाले आणि हजारो घरांची पुंजी अडकली. त्या शहरात असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे आणि आम्ही त्याचा राग मानीत नाही. निर्धन रुग्ण निधीचे खाते स्वतंत्र असते. त्याची वही कार्यालयीन वेळेत कोणाही देणगीदारास पाहता येईल. तुकडीच्या दानाध्यक्षाने वर्षातून एकदा ती लेखापरीक्षकांसमवेत बसून तपासावी, ही आमचीच सूचना आहे.

नावनोंदणीचे अर्ज बाहेरच्या मेजावर ठेवले आहेत. अर्जात तुकडीचे वर्ष, शाळा आणि आपण कोणत्या गावांत ओळखीचे आहात, एवढेच भरावयाचे आहे. रकमेचा रकाना ठेवलेला नाही.