सुनेचं रोजचं ताट
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेलं भाषण)



आपल्याकडे डोहाळजेवण थाटात होतं. पण ते एका दिवसाचं. एरवी सून सगळ्यांना वाढून शेवटी बसते, तेव्हा पातेल्यात वरणाचं पाणीच उरलेलं असतं. मला बोलायचंय ते या रोजच्या ताटाबद्दल.

गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. ७ च्या खाली गेलं तर बाळंतपणात जिवावर बेततं. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने गरोदर स्त्रियांना न्यूट्रिशन किट देणं सुरू केलं, तेव्हा रक्तक्षय जास्त म्हणून निवडलेल्या नऊ जिल्ह्यांत आपलं आदिलाबाद होतं. त्याआधी २०१५ पासून आरोग्य लक्ष्मी योजनेत अंगणवाडीत रोज एक पूर्ण जेवण, अंडं आणि २०० मिली दूध आहे. "आपली सून तिथं जाऊन जेवणार?" असं म्हणणारे आपल्यातच आहेत. जाऊ द्या तिला. त्यात कमीपणा कसला? अंडं चालत नसेल तर घरी मुगाची उसळ, शेंगदाणे, दही जास्त वाढा. भाकरी आणि अंबाडीची भाजी आहेच. "जास्त खाल्लं की बाळ मोठं होतं, अडतं," म्हणून तिचा घास मोजू नका.

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज, १८० दिवस. चहासोबत घेतली तर अंगी लागत नाही, लिंबाच्या सरबतासोबत लागते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळं झालं तर घाबरून गोळी बंद करू नका, ते लोहामुळेच होतं.

आणि सुनेच्या कार्डावरचा हिमोग्लोबिनचा आकडा सासऱ्यांना, नवऱ्यालाही माहीत असू द्या. कापसाचा भाव तर रोज विचारतोच आपण.