मणक्याची दुखापत आणि एम.आर.आय. तपासणी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे, सेवानिवृत्त शाळामास्तर. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार ज्ञानाचा नसून चुकीचा आहे, हे आरंभीच कबूल करतो.

काही वर्षांपूर्वी माझा पुतण्या आंबे उतरवताना झाडावरून पडला. आम्ही चौघे धावलो, त्याला हातापायांना धरून उचलले, बाजेवर बसवले, पाणी पाजले. माया पुष्कळ होती, ज्ञान नव्हते. दवाखान्यात क्ष-किरणांनी फोटो काढला. ‘हाड मोडलेले नाही’ हे ऐकताच आम्ही देवापुढे नारळ फोडला. परंतु रात्री त्याची बोटे बधिर झाली, पाय उचलेनात. शहरातील इस्पितळात एम.आर.आय. झाल्यावर उलगडा झाला. मानेच्या दोन मणक्यांमधील चकती मागे सरकून मज्जारज्जूवर दाबत होती. शस्त्रक्रिया झाली. आज तो काठी टेकून चालतो. पण उजव्या हातात लेखणी धरवत नाही. आमच्या उचलण्याने त्यात किती भर पडली, हे कोणी सांगू शकत नाही, आणि मला ते विसरता येत नाही.

पहिल्या फोटोत हे का दिसले नाही? रंटगेन यांनी १८९५ साली शोधलेले क्ष-किरण हाडात अडतात, म्हणून हाड स्पष्ट उमटते. मज्जारज्जू, चकत्या, अस्थिबंध हे मऊ भाग त्यात दिसत नाहीत. सी.टी. तपासणीत हाडाची बारीक चीरही कळते, म्हणून अपघातात बहुधा ती प्रथम करतात. मज्जारज्जूची सूज, रक्तस्राव वा तुटलेला अस्थिबंध पाहावयाचा तर एम.आर.आय. हवे. आपल्या शरीरात पाणी विपुल. त्यातील हायड्रोजनची अणुकेंद्रे प्रबळ चुंबकाच्या प्रभावाखाली येतात. रेडिओलहरींनी त्यांना डिवचले की ती संकेत परत देतात, आणि संगणक त्यांवरून चित्र रेखाटतो. यात क्ष-किरण मुळीच नसतात. या कार्याबद्दल लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तपासणीस जाताना शरीरात पेसमेकर वा धातूचा तुकडा असल्यास आधी सांगावे. यंत्राचा आवाज मोठा असतो. भिऊ नये, हलू नये. आणखी एक गोष्ट. उतारवयात काही न दुखताही चकती सरकलेली दिसू शकते. म्हणून केवळ चित्र पाहून घाबरू नये. रोग्याची लक्षणे आणि चित्र यांचा मेळ डॉक्टरांनीच घालावा.

आता माझी विनंती. कोणी उंचावरून पडला, वाहनाखाली सापडला, तर जागेवरच धोका नसेल तोवर त्याला उचलू नका, बसवू नका. डोके व मान जशी आहे तशी स्थिर धरा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. फोटो निर्दोष आला तरी बधिरपणा, अशक्तपणा वा लघवी अडणे दिसल्यास डॉक्टरांना तत्काळ सांगा.

यंत्र इस्पितळात असते. तिथवर रोग्याला सांभाळून पोहोचवणे आपल्या हाती आहे. माझ्या चुकीतून एका घराने जरी हा धडा घेतला, तरी आजचे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.