गिझर घेताय? आधी अर्थिंग बघा!

थंडी पडली की दुकानात एकच चर्चा, ३ लिटरचा इन्स्टंट घ्यावा की १५ लिटरचा टाकीवाला? घ्या बापडे, कुठलाही घ्या. बादल्या भरून अंघोळ करणाऱ्यांनी टाकीवाला घ्यावा, हे दुकानदारही सांगेल. तो जे विचारत नाही, ते मी विचारतो. घरात अर्थिंग आहे का?

'आहे की, तीन पिनांचा प्लग आहे,' असं म्हणू नका. ती जाड, लांब पिन भोकात गेली म्हणजे अर्थिंग झालं असं नाही. भोकामागे हिरवी वायर हवी आणि ती जमिनीपर्यंत पोचायला हवी. जुन्या घरांत कित्येकदा मागे काहीच नसतं. मोरीला छान जाळी बसवली, पण खाली पाइपच नाही, तर सांडलेलं पाणी जाईल कुठे? घरातच पसरेल. कॉइल फुटली की वीज पाण्यात सांडते. तिला वाट नसली, तर ती तुमच्या ओल्या अंगातून वाट काढते. आणि मोरी पुढे तुंबली तरी पाणी मागेच येतं ना? इमारतीखालचा कोळसा-मिठाचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडला, की मोरी तुंबलीच समजा. अधूनमधून त्यात बादलीभर पाणी ओता. सोसायटीवाले, ऐकताय ना?

एखादा वायरमन म्हणतो, 'अर्थिंग नाही ना? न्यूट्रलच जोडून देतो.' त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. न्यूट्रल मध्येच तुटला, तर वीज थेट गिझरच्या पत्र्यावर येते.

एमसीबी आहे म्हणता? अहो, ३ किलोवॉटचा गिझरच १३ अँपिअर ओढतो. एमसीबी असतो वायर जळू नये म्हणून. माणसाला अँपिअरचा दहावा हिस्साही पुरे होतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत तेवढा फरक पडला, की तो क्षणात पुरवठा तोडतो. त्यावरचं 'टेस्ट'चं बटण अधूनमधून दाबून पाहा. ते शोभेला नाही.

आत्ताच रेडिओ लावलेल्यांसाठी पुन्हा सांगतो: आधी हिरवी वायर, मग गिझर. बोअरच्या पाण्याचं सांगायचं राहिलंच, काचेपलीकडून हात हलतोय. एवढंच ऐका, सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून त्याला बूच मारू नका, कारण टाकीतलं पाणी तापलं की...