जाहिरातीतले विडंबन
जिर्बो या फ्रेंच पेढीने २००५ साली कपड्यांच्या जाहिरातीसाठी येशूचे शेवटचे भोजन मांडले. मांडणी लिओनार्दोच्या प्रसिद्ध चित्राची. पण येशू व शिष्यांच्या जागी झकपक तरुणी, आणि उघड्या पाठीचा एकच पुरुष! तुम्ही म्हणाल, त्यात एवढे काय? अहो, त्याच भोजनाच्या स्मरणार्थ पॅरिसला तसा आपल्या वसईलाही मिस्साविधी होतो.

बिशपांच्या बाजूच्या एका संस्थेने दावा लावला. पॅरिसच्या न्यायालयाने जाहिरात उतरवायला लावली, अपिलातही तेच ठरले. २००६ साली मात्र वरिष्ठ न्यायालयाने निकाल फिरवला : ही चित्राच्या रूपाची नक्कल आहे, भाविकांचा अपमान हा तिचा हेतू नव्हे.

कायदा म्हणून हे मला पटते. मन अडते ते दुसरीकडेच. जोगवा, गोंधळ यांची सोंगे नाथांनीही भारुडात आणली. पण ती ऐकणाऱ्याला आत वळून पाहायला लावण्यासाठी. नाथांना काही पाटलोणी खपवायच्या नव्हत्या! जाहिरातवाल्याला हवी असते तुमची नजर, आणि ओरड झाली की ती फुकटात मिळते. नाहीतर या जिर्बोचे नाव तुमच्या-माझ्या कानावर कशाला आले असते?