बढती मिळाली, पुढे काय?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि आजवरची नोकरी रुळांवर उन्हातान्हात काढली. मंडळाने वीस मिनिटे दिली आणि विषय माझ्यावर सोपवला. घरी सौ.ने बजावले, "रुळांवर बोलू नका हो, लोक जांभया देतील." म्हणून फुटबॉल हा विषय घेतला आहे. तरी जातीचा पी-वेवाला आहे, मध्येच एखादा रूळ आडवा आला तर सांभाळून घ्या.

आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की गेली काही वर्षे एक वाद ठरलेला असतो. वादाचा विषय म्हणजे आपल्या या जयपूरचा क्लब, राजस्थान युनायटेड. इथे बसलेल्या बऱ्याच जणांना हे नाव आजच कळत असेल. क्रिकेटमध्ये राजस्थान रॉयल्स सर्वांना ठाऊक, पण 2018 साली या वाळवंटी राज्यात एक फुटबॉल क्लब निघाला आणि तीन वर्षांत देशाच्या आय-लीगमध्ये पोहोचला, ही गोष्ट आपल्यातल्या फार थोड्यांच्या कानावर गेली.

हकीकत थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर 2021 मध्ये बंगळुरूला आय-लीगची पात्रता स्पर्धा झाली. शेवटच्या सामन्यात राजस्थान युनायटेडने बरोबरी साधली आणि बढती मिळवली. समोर कोण होते? मुंबईचा केंक्रे क्लब! म्हणजे आपल्यासारख्यांची पंचाईतच. जन्मभूमीकडून ओरडायचे की कर्मभूमीकडून? पुढे चेन्नई सिटीची जागा रिकामी झाली आणि केंक्रेलाही आय-लीगमध्ये प्रवेश मिळाला, त्यामुळे दोन्ही घरी लाडू वाटले गेले.

पहिल्या हंगामात, 2021-22 साली, करोनामुळे सगळी स्पर्धा बंगालमध्येच खेळवली गेली. तेरा संघांपैकी पहिले सात पुढच्या टप्प्यात जायचे होते. राजस्थान युनायटेड त्या सातांत आला. पुढच्या टप्प्यात मात्र जोर ओसरला आणि विजेतेपदाची चढाओढ गोकुलम केरळ आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग यांच्यातच राहिली. मग 20 ऑगस्ट 2022 रोजी ड्युरंड कपमध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर याच पोरांनी एटीके मोहन बागानला 3-2 असे हरवले, तेही अगदी शेवटच्या क्षणी गोल करून! आता हे वर जाणार, असे वाटले. पण त्या वर्षीच्या लीगमध्ये गाडी पुन्हा मंदावली आणि संघ तक्त्याच्या खालच्या अर्ध्यात राहिला.

इथेच आमच्या टेबलावर तीन पक्ष पडतात.

पहिला पक्ष जयपूरच्या तरुण सहकाऱ्यांचा. त्यांचे म्हणणे, सुरुवात एवढी झोकात झाली आणि हंगाम असा विरला, म्हणजे चालवणाऱ्यांत जिद्दच नाही. टिकून राहण्यातच समाधान मानणारे लोक कधी मोठे होत नाहीत.

दुसरा पक्ष कोलकात्याहून बदलून आलेल्या आमच्या दादांचा. मोहन बागानचा तो पराभव त्यांना अजून पचलेला नाही. ते म्हणतात, नव्या क्लबाने आधी दहा वर्षे नुसते टिकून दाखवावे, मग मोठ्या गोष्टी कराव्यात.

तिसरा पक्ष आमच्या कोल्हापूरकर मित्राचा. हा पाटाकडील तालमीचा कट्टर माणूस. खंडोबा किंवा दिलबहारशी सामना असला की आजही तिकडे फोन लावून दर दहा मिनिटांनी स्कोअर विचारतो. त्याचा मुद्दा एका वाक्याचा आहे : "अरे, ज्याला गल्ली नाही, तालीम नाही, स्वतःचं मैदान नाही, त्याला क्लब कसं म्हणायचं?" आणि हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 2022-23 च्या हंगामात राजस्थान युनायटेडचे 'घरचे' सामने दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर झाले होते. घर जयपूरला आणि घरचा सामना दिल्लीला! पुढे विद्याधर नगर स्टेडियमवर सामने होऊ लागले तेव्हा कुठे जयपूरकरांना आपला संघ डोळ्यांनी दिसला.

आता माझे मत. इथे रूळ येतोच, क्षमा असावी.

आम्ही एखाद्या सेक्शनमधले जुने रूळ आणि स्लीपर काढून नवे घालतो, खडी, म्हणजे इकडची गिट्टी, चाळून नवीन भरतो. सगळे चकाचक दिसते. प्रवाशाला वाटते, आता गाडी सुसाट जाणार. प्रत्यक्षात त्याच दिवशी तिथे कॉशन लागतो आणि ताशी वीस किलोमीटरने गाडी काढावी लागते. कारण नवी खडी बसलेली नसते. मशीनने पॅकिंग करायचे, त्यावरून गाड्या जाऊ द्यायच्या, पुन्हा पॅकिंग करायचे, आणि मग टप्प्याटप्प्याने वेग वाढवायचा. गाड्यांच्या वजनानेच खडी बसते. त्या काळात गाडी हळू जाते म्हणून कोणी सेक्शन इंजिनिअरला 'जिद्द नाही' म्हणत नाही. पण पॅकिंगच केले नाही, गँग दुसरीकडे हलवली आणि कॉशन तसाच वर्षभर ठेवला, तर मात्र त्याला जाब विचारलाच पाहिजे.

बढती मिळालेल्या क्लबाचे तसेच आहे. हंगाम ओसरणे हा दोष नव्हे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पैशाला तोटा नाही, तरी 2023-24 मध्ये वर आलेले तिन्ही क्लब त्याच वर्षी खाली गेले, आणि 2024-25 मध्ये पुन्हा तिन्हींचे तेच झाले. आपल्याकडे मोहम्मेडन स्पोर्टिंगसारखा शतकाहून जुना क्लब 2024-25 मध्ये आयएसएलमध्ये गेला आणि पहिल्याच हंगामात तेरा संघांत तेरावा आला. वरच्या वर्गातला पहिला पेपर सगळ्यांनाच अवघड जातो. खरा प्रश्न वेगळा आहे : वेग कमी असताना खाली पॅकिंग चालू आहे की नाही?

याची दोन उदाहरणे देतो. त्यातले एक आपल्या महाराष्ट्राचे आहे आणि ते सांगताना वाईट वाटते.

पुणे एफसी हा क्लब 2007 साली निघाला. आय-लीगमध्ये 2009-10 च्या पहिल्याच हंगामात तो तिसरा आला. 2012-13 मध्ये तर उपविजेता ठरला. त्याची अकादमी होती, बालेवाडीचे मैदान होते. राजस्थान युनायटेडच्या पाठीराख्यांना जे स्वप्नात दिसते, ते सगळे त्या क्लबाने करून दाखवले. आणि 2014-15 नंतर तो आय-लीगमधून बाहेर पडला, मग बंदच झाला. त्याच पुण्यात भारत एफसी एक हंगाम खेळून संपला. डीएसके शिवाजियन्स 2017 नंतर दिसला नाही. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. पाच वर्षांच्या आत एका शहरातले चार क्लब! यातला एकही खालच्या श्रेणीत घसरून संपला नाही. मालकांनी हात काढून घेतला आणि तो काढताना त्यांना अडवील एवढे मोठे, क्लबाला आपला म्हणणारे गाव पाठीशी उभे नव्हते.

दुसरे उदाहरण मिझोरामचे. ऐझॉल एफसीला बढती मिळाली आणि 2015-16 च्या पहिल्याच आय-लीग हंगामात त्याची घसरण झाली. नऊ संघांत तो आठवा होता. नवव्या स्थानावरच्या डीएसके शिवाजियन्सला थेट प्रवेशामुळे संरक्षण होते, म्हणून कुऱ्हाड ऐझॉलवर पडली. त्याच वर्षी गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग हे क्लब लीगमधून बाहेर पडले, जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत बोलावणे आले. त्याने प्रशिक्षक म्हणून नेमले खालिद जमील यांना. जमील यांनी त्याआधी सात वर्षे मुंबई एफसी सांभाळला होता. बऱ्याचदा तो क्लब तळाच्या आसपास असायचा, दरवर्षी वाचायचा, आणि लोक म्हणायचे की या क्लबाला वाचण्यापलीकडे महत्त्वाकांक्षाच नाही. 2016-17 च्या हंगामात काय झाले पाहा. जमील गेल्यावर मुंबई एफसी तळाला गेला आणि त्याचा वरिष्ठ संघच बंद पडला. आणि ऐझॉल? 37 गुण मिळवून, मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून तो देशाचा विजेता झाला! पुढे ऑगस्ट 2025 मध्ये हेच जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

याला चमत्कार म्हणतात, पण तिथे पॅकिंग आधीच झालेले होते. मिझोरामने 2012 पासून स्वतःची प्रीमियर लीग चालवली होती. 2014 साली मिझोरामने संतोष ट्रॉफी जिंकली, तीही अंतिम सामन्यात आपल्या रेल्वेला 3-0 ने हरवून. गल्लीगल्लीत मैदान, घराघरात खेळणारे पोर. त्यामुळे एक हंगाम वाईट गेला तरी क्लब संपला नाही.

तेव्हा माझ्या तिन्ही मित्रांना माझे उत्तर असे. तरुण मित्रांनो, तक्त्यावरचा क्रमांक पाहून जिद्द मोजू नका. दादा, नुसते टिकणे हेही ध्येय नव्हे, मुंबई एफसी आठ हंगाम टिकला आणि नवव्यात संपला. आणि कोल्हापूरकरा, तुझे अर्धे बरोबर आहे. क्लबाला तालीम लागते, पण ती मालक बांधत नाही. ती पेठेतली माणसे बांधतात. तुमच्या पेठेतल्या तालमीसुद्धा कोण्या कंपनीने उभ्या केल्या नाहीत.

महत्त्वाकांक्षेचा आणखी एक पैलू सांगतो, तो माझ्या रेल्वेतील बांधवांसाठी. वर जायची शिडीच नसेल तर काय होते, हे आपल्या फुटबॉलने पाहिले आहे. 2017 ते 2022 या काळात आय-लीग जिंकूनही त्या जोरावर कोणाला आयएसएलमध्ये जाता आले नाही. ऐझॉल जिंकला, मिनर्व्हा पंजाब जिंकला, चेन्नई सिटी जिंकला, गोकुलम तर दोनदा जिंकला, पण वर्ग तोच. मोहन बागान वर गेला तो एटीकेशी हातमिळवणी करून. 2023 मध्ये पहिल्यांदा पंजाबचा संघ जिंकून वर गेला. त्यामुळे या क्लबांना 'पुढे का जात नाही' असे विचारताना शिडी कुठवर होती, हेही पाहावे.

आणि शिडी छोटी असली तरी चांगले काम थांबत नाही. 1958 साली ईस्टर्न रेल्वेच्या संघाने मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मेडन या तिघांना मागे सारून कलकत्ता लीग जिंकली होती. त्या संघात पी. के. बॅनर्जी होते. त्यांनी 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे नेतृत्व केले. मोठ्या क्लबांचा जमाना असूनही ते रेल्वेचा संघ सोडून गेले नाहीत. दादा आता मान डोलवत आहेत, म्हणजे हा मुद्दा तरी त्यांना मान्य दिसतो.

शेवटचा मुद्दा आपल्या सर्वांचा. आपल्यातले कितीतरी जण बदलीने इथे आले. कोणी दोन वर्षे म्हणून आले आणि वीस वर्षे राहिले. आपण इथे मोती डुंगरीला जातो, दाल-बाटी खातो, पण 'आपला संघ कोणता?' असे विचारले की तोंडून मुंबई किंवा पुण्याचेच नाव निघते. आपली मुले मात्र इथे जन्मली. त्यांचे बोलणे अर्धे मराठी, अर्धे जयपुरी आहे. त्यांना 'आपले' म्हणायला एखादी जागा आपण देणार आहोत की नाही? पुण्याच्या क्लबांना जे मिळाले नाही, ते जयपूरच्या क्लबाला द्यायला पैसे लागत नाहीत. एक संध्याकाळ लागते.

म्हणून मंडळाला माझी एक साधी विनंती आहे. पुढच्या वेळी जयपुरात सामना असेल तेव्हा मंडळाची एक बस विद्याधर नगरला जाऊ द्या. पुढच्या बाकांवर मुले, मागे आपण. आपला ढोल आहेच, तो वर्षातून दहाच दिवस का वाजावा? संघ हरला तरी चालेल. हंगाम ओसरलेला असला तर मुद्दाम जाऊ, कारण खडी बसायला वरून वजन जावे लागते.



गणपती बाप्पा मोरया!