रासायनिक क्रियेचा वेग आणि कामगार



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर फार झाले. तेव्हा रसायनशास्त्रावर आम्ही बोलावे हे कित्येकांना धाडसाचे वाटेल. पण ज्या क्रियेच्या वेगावर कामगाराचा जीव टांगलेला असतो, ती समजून घेणे आम्हांस भागच पडले.

हा वेग मुख्यतः चार गोष्टींवर ठरतो. ओंडका सावकाश जळतो, ढलप्या भरभर जळतात, आणि त्याच लाकडाचा बारीक भुसा कोंडलेल्या जागेत उडाला तर ठिणगीसरशी स्फोट होऊ शकतो. कारण हवेला भिडणारा पृष्ठभाग वाढलेला असतो. दुसरी गोष्ट द्रव्याच्या प्रमाणाची. लोहार भाता चालवतो तो निखाऱ्याला अधिक प्राणवायू मिळावा म्हणूनच. तिसरी उत्प्रेरकाची. गंधकाम्लाच्या कारखान्यात व्हॅनेडियमच्या संयुगामुळे वायूंचा संयोग झपाट्याने होतो, आणि ते संयुग स्वतः खर्ची पडत नाही. चौथी गोष्ट उष्णतामानाची, आणि तीच सर्वांत दगा देणारी.

स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी १८८९ साली तिचे गणित मांडले. ढोबळ हिशेब असा की, पुष्कळ क्रियांत उष्णतामान दहा अंशांनी चढले की वेग सुमारे दुप्पट होतो.

आता हा हिशेब कारखान्यात लावून पाहू. रिअ‍ॅक्टरमधला माल ४० अंशांवर आहे आणि जॅकेटमधले पाणी ३० अंशांवर. माल ८० अंशांवर चढला तर क्रियेतून निघणारी उष्णता सोळापट होईल. पाणी मात्र ती पाचपटच ओढून नेईल, कारण दोहोंतला फरक दहाचा पन्नास झाला. उरलेली उष्णता मालातच साठते, माल आणखी तापतो, आणि मग क्रिया कोणाच्या हाती राहत नाही.

एका कारखान्यात थोडेथोडे सोडायचे आम्ल, पाळी संपण्याआधी बॅच उरकावी म्हणून, भराभर सोडायला लावले. माल उसळला, दोघे भाजले. चौकशीत कामगारांचा निष्काळजीपणा लिहिला गेला. घाईचा हुकूम कागदावर कोठेच नव्हता!

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले. टाकीत सुमारे ४० टन द्रव्य होते. ते शून्य अंशाच्या आसपास ठेवायचे, पण थंड करणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. क्रियेने उष्णता दिली, उष्णतेने क्रियेला वेग दिला, आणि विषारी वायू झोपलेल्या वस्तीवर पसरला. हजारो माणसे प्राणांस मुकली.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. आपल्या रिअ‍ॅक्टरचा धोक्याचा अंश कोणता, हे प्रत्येक कामगाराला त्याच्या भाषेत सांगा, आणि काटा तेथे पोचण्याआधी काम थांबवण्याचा अधिकार त्याला द्या. नागरिकहो, हे आपणही विचारा; वायू फाटकापाशी थांबत नाही.